दुसरा टर्बोही गेला? तेलाच्या पाईपपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१३ ची स्विफ्ट डिझेल, १.३ लिटरचं इंजिन, पावणेदोन लाख किलोमीटर झालेत, सातारा-पुणे ये-जा सतत. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, गेला म्हणून नवा बसवला. तो तीन महिन्यांतच शिट्टी मारू लागला आणि मागून निळा धूर यायला लागला. टर्बो बदलताना गॅरेजमध्ये तेलाचा जुना पाईप पेट्रोलने धुऊन, कॉम्प्रेसरची हवा मारून तोच परत बसवला होता. आता तिसऱ्या टर्बोला पैसे घालण्याआधी पाईप बदलावा का, तो बसवायचा कसा, घरी जमेल का आणि एमआयडीसीतल्या हायड्रॉलिकवाल्याकडून जाळीचा पाईप बनवून घेतला तर चालेल का, हे तुम्हाला हवंय.

पाईप बदला. धुतलेला जुना पाईप नव्या टर्बोला लावूच नये, यावर माझ्याकडून काही घासाघीस होणार नाही. पण नुसता पाईप बदलूनही भागेल असं समजू नका. पाईप चोंदला तो कशामुळे हे शोधलं नाहीत, तर नवाही चोंदेल.

आधी टर्बोला तेल लागतं कशाला ते बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तुमच्या गाडीतल्यासारखा छोटा टर्बो जोरात चालताना मिनिटाला दोन लाखांच्या पुढे फिरतो. म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त फेरे. एवढ्या वेगात कुठलाही धातू धातूवर टिकत नाही. शाफ्ट आणि तो ज्यात फिरतो ते पितळी कडं, म्हणजे बुश, यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, त्यावर शाफ्ट अक्षरशः तरंगत असतो. त्या थराला आणखी एक काम असतं, ते म्हणजे उष्णता वाहून नेणं. एका बाजूला सातशे-आठशे अंशांचा एक्झॉस्ट, दुसऱ्या बाजूला हवा ओढणारा इंपेलर, आणि मधे बोटभर अंतर. तेल काही सेकंद जरी आलं नाही, तरी बुशवर ओरखडे पडायला तेवढे पुरेसे होतात.

हे तेल इंजिनच्या ऑइल गॅलरीतून, म्हणजे आतल्या तेलाच्या वाटेतून, एका बारीक लोखंडी पाईपने टर्बोच्या डोक्यावर येतं. तोच आपला फीड पाईप. टर्बोतून ते खालच्या जाड रिटर्न पाईपने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात, परत जातं. फीडला पंपाचा दाब असतो, रिटर्नला कसलाही दाब नसतो, तिथलं तेल आपल्या वजनानेच खाली जातं. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

फीड पाईप चोंदतो तो टर्बोजवळच्या टोकाला. गाडी हायवेवर पळवली आणि थेट ढाब्याच्या दारात बंद केली की पंप थांबतो. टर्बोचं लोखंड मात्र तापलेलंच असतं. पाईपमध्ये अडकलेलं तेल तिथेच शिजतं आणि कढईच्या तळाला करपलेल्या तेलासारखं काळं, कडक कीट आतून धरतं. असं रोज थोडं थोडं. तुमच्या वाटेवर खंबाटकी आहे. घाट चढून नुसता उतरलात तरी टर्बो बराच निवतो. खरा त्रास चढावर किंवा वेगात असताना थांबून लगेच किल्ली फिरवण्याचा. शेवटचा एखादा किलोमीटर सावकाश चालवा, नाहीतर मिनिटभर आयडलवर ठेवा. तेवढं पुरतं. पाच-पाच मिनिटं गाडी घुरघुरत ठेवणारेही भेटतात, त्याची गरज नाही.

आता पाईप धुण्याबद्दल. हवा आरपार गेली म्हणजे पाईप चांगला, हा गॅरेजमधला सर्वात महाग पडणारा समज. हवा पातळ असते, सुईएवढ्या फटीतूनही जाते. दाट तेलाचं गणित वेगळं. नळीचा आतला व्यास निम्मा झाला तर त्याच दाबाला तेलाचा प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. पाईपच्या आतल्या भिंतीवर सगळीकडून मिलिमीटरभर कीट बसलं, तरी चार मिलिमीटरची नळी दोनची होते. शिवाय पेट्रोलने ते कीट निघत नाही, फक्त मऊ होतं. मग गरम तेल वाहू लागलं की त्याच्या खपल्या सुटतात आणि सरळ नव्या टर्बोच्या बुशमध्ये जातात. तुमचा दुसरा टर्बो तीन महिन्यांत गेला त्याचं कारण इथेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

खात्री करून घ्यायची असेल तर जुना पाईप हॅकसॉने टर्बोकडच्या टोकापासून दोन-तीन इंचांवर आडवा कापा. बाहेरून तो बहुधा चकचकीत दिसेल. आत बघा. चांगल्या पाईपला धातूची भिंत दिसते, फार तर तपकिरी छटा. चोंदलेल्या पाईपमध्ये काळी कडा दिसते, नखाने खरवडली तर भुगा पडतो, आणि मधलं भोक वाकडंतिकडं असतं. गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की मी त्यांच्यासमोर पाईप कापतो. मग बोलावं लागत नाही.

तसाच मेलेला टर्बोही टाकून देऊ नका, तो बरंच काही सांगतो. तो खोलून बघा, म्हणजे तुमच्या मेस्त्रींना खोलायला सांगा. शाफ्टवर बुश बसतात त्या जागी निळा, जांभळा किंवा काळा रंग चढला असेल तर तेल मिळालं नाही किंवा उशिरा मिळालं. रंग नाही, पण गोल गोल चरे पडलेत, तर तेल मिळालं पण त्यात घाण होती. इंपेलरच्या पात्यांच्या कडा तुटल्या किंवा वाकल्या असतील, तर हवेच्या बाजूने काहीतरी आत गेलं. फाटका एअर फिल्टर, सुटलेला नट, आधीच्या टर्बोचा तुकडा. तेल न मिळणं, तेलात घाण असणं आणि हवेतून काही आत जाणं, या तिन्हींचे इलाज वेगळे आहेत, आणि ‘टर्बोच बोगस होता’ म्हणून विकणाऱ्याशी भांडायला जाण्याआधी हे बघून घेतलेलं बरं. टर्बो विकणारेही वॉरंटीच्या दाव्यात पहिल्यांदा हेच बघतात.

आणखी एक. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून ‘प्ले आहे, गेला’ असं सांगणारे पुष्कळ असतात. बुशवाल्या टर्बोत तेल नसताना आडवा थोडा प्ले असणारच, कारण तिथे तेलासाठी जागा सोडलेली असते. इंपेलर घासत नाही ना, हे बघायचं. उभा, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेने आत-बाहेर हलणारा प्ले हाताला जाणवला, तर मात्र टर्बो गेलाच.

तुमचं १.३ म्हणजे फियाटचं मल्टिजेट. मानेसरला मारुतीसाठी बनायचं आणि आपल्या रांजणगावलाही. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा, कितीतरी गाड्यांत हेच, म्हणून लोक त्याला देशाचं इंजिन म्हणायचे. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर ते इथे थांबलं. इंजिन मजबूत आहे, पण तेलाच्या बाबतीत नखरेल. टायमिंग चेनसुद्धा तेलाच्याच दाबावर ताणलेली असते. त्यामुळे ‘दहा हजारला बदलायचं ते पंधराला बदललं, काय होतंय’ हे या इंजिनाला चालत नाही. सेकंडहॅंड घेतलेल्या गाडीत आधीच्या मालकाने काय केलं हे आपल्या हातात नसतं, पण त्याचा गाळ आपल्याला मिळतो.

हा गाळ येतो कुठून ते पाईप बसवण्याआधी बघायचं. टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, इंजेक्टरच्या (डिझेल फवारणाऱ्या नळीच्या) बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसतोय का? दिसला तर इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वायसरमधून जळलेला वायू निसटतोय. तोच वायू तेलात काजळी मिसळतो. युरोपात प्यूजो-सित्रोएनच्या १.६ एचडीआय इंजिनांचे टर्बो याच कारणाने धडाधड जायचे, आणि त्यांच्या फीड पाईपच्या बोल्टमध्ये एक बारीक जाळी होती, ती आधी चोंदायची. जाळी घाण अडवायला ठेवली होती, तिने तेलच अडवलं. तुमच्या गाडीचं इंजिन वेगळं असलं तरी धडा तोच. बॅन्जो बोल्ट, म्हणजे पाईपचं टोक धरणारा पोकळ बोल्ट, काढला की टॉर्च मारून आत जाळी आहे का बघा. असली तर सुईने टोचून ‘मोकळी’ करू नका. नवा बोल्ट आणा.

दुसरं म्हणजे चेंबर खाली उतरवा. हो, काम वाढतं. पण चेंबरच्या तळाला काळं श्रीखंड बसलं असेल आणि पंपाच्या स्ट्रेनरची जाळी अर्धी बुजली असेल, तर वरचा पाईप नवा असून काय उपयोग? डॅशबोर्डवरच्या तेलाच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो दाब साधारण अर्ध्या बारच्या आसपास उतरल्यावर लागतो, म्हणजे पाणी नाकाशी आल्यावर. त्या स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनाचा दाब मोजा, आणि आकडा तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून बघा.

फ्लशिंगचं केमिकल टाकायचं का, हा प्रश्न लगेच येतो. माझं मत, नव्या टर्बोच्या तोंडावर टाकू नका. वर्षानुवर्षं बसलेलं कीट ते एकदम सोडवतं, आणि सुटलेलं कीट पहिल्यांदा सगळ्यात बारीक भोकात जातं. सगळ्यात बारीक भोक टर्बोचं. चेंबर हाताने धुवा, स्ट्रेनर धुवा, नवं तेल आणि नवा फिल्टर घाला, आणि पाचशे-हजार किलोमीटरवर दोन्ही पुन्हा बदला. दोन वेळच्या तेलाचा खर्च टर्बोच्या मानाने काहीच नाही.

तिसरी जागा इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा निववणारी जाळी. जुना टर्बो मरताना तिथे तेल ओततो, कधी इंपेलरचे तुकडेही. तो पाईपांसकट काढून धुऊन, वाळवून लावा. हे राहून गेलं तर डिझेल इंजिन त्या साठलेल्या तेलावर स्वतःच पळू लागतं. किल्ली काढली तरी बंद होत नाही, रेव्ह वाढतच जातात. असं झालंच तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका, क्लच सोडा आणि इंजिन दाबून बंद पाडा. इंजिनाजवळ वाकून उभं राहू नका, हवेच्या पाईपवर तळहात तर अजिबात ठेवू नका.

आता बसवण्याचं काम. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह सुटी. खाली जायचं असेल तर गाडी स्टॅंडवर, नुसत्या जॅकवर नाही. हीट शील्डचे नट आणि बॅन्जो बोल्ट गंजलेले असतात, त्यावर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग स्प्रे मारून ठेवा. काही उघडायच्या आधी पाईपच्या दोन्ही टोकांभोवतीची माती ब्रशने आणि हवेने साफ करा. पावसाळ्यात त्या कोपऱ्यात चिखलाचा थर असतो आणि बोल्ट सुटताच त्यातला खडा बरोबर भोकात पडतो. पडायचा तो तिथेच पडतो.

उघडल्यावर भोकं झाकायची ती प्लॅस्टिकच्या टोपीने किंवा स्वच्छ टेपने. गॅरेजमध्ये हाताशी असतं ते कॉटन वेस्ट इथे आणूच नका. त्याचा एक धागा आत राहिला तर तो बुशपर्यंत जातो. हात पुसायलाही धागे न सुटणारं कापड घ्या.

बॅन्जो बोल्टच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वायसर असतो. जुना बोल्ट काढताना त्यातला एक वायसर हमखास इंजिनाला चिकटून राहतो आणि काळा पडलेला असल्याने दिसत नाही. त्याच्यावर नवा ठेवला की दोन वायसर एकावर एक होतात, आणि तिथून तेल झिरपत राहतं. नखाने कडा चाचपून बघा. बसण्याची जागा सपाट आणि चकचकीत दिसली पाहिजे, पण पॉलिश पेपरने घासू नका, त्याची पूड आत जाते.

वायसर नवेच घ्या. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, पुन्हा तेवढं दबत नाही. अडचणीत जुना वायसर लाल तापवून पाण्यात टाकला तर तो परत मऊ पडतो, ही जुनी आणि खरी युक्ती आहे. पण नवे वायसर चहाच्या पैशांत मिळत असताना ती कशाला करायची? जाडी आणि व्यास मूळचाच बघून घ्या. खोक्यातला ‘बसतोय ना’ असा नको.

नवा पाईप जुन्याशेजारी ठेवून वळणं ताडून बघा. कंपनीचा पाईप असेल तर तो कुठेही न ओढता, न दाबता दोन्ही टोकांना आपोआप बसतो. बसत नसेल तर पाईप चुकीचा आहे किंवा वाकलाय. गुडघ्यावर वाकवून बसवला तर इंजिनच्या थरथरीने तो बरोबर ब्रेझिंगच्या (पितळी झाळणाच्या) जोडाशी फुटतो. फुटलेल्या पाईपचं तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांवर) उडालं की आग लागते. त्यामुळे पाईपला मधे जो छोटा क्लॅम्प असतो, ‘एक बोल्ट कमी असला तरी चालतंय’ म्हणून बहुतेक जण सोडून देतात तो, तोही लावायचा. त्याच्यामुळेच पाईप थरथरत नाही.

दोन्ही बोल्ट लावताना आधी बोटांनी, तीन-चार आटे सहज जाईपर्यंत. पाना लावून पहिला आटा धरू नका, ॲल्युमिनियमचे आटे गेले तर काम दुप्पट. टेफ्लॉन टेप नको, लिक्विड गॅस्केट नको, लाल-निळं काहीही नको. तांब्याच्या वायसरला त्याची गरज नसते, आणि टेपची फाटलेली चिंधी कुठे जाते ते आता तुम्हाला माहीत आहे. इंजिनाकडचं टोक नुसतं हाताने लावून ठेवा, टर्बोकडचं अजून उघडं.

आता टर्बोला आधी तेल पाजायचं. तेलकॅनने नवं, स्वच्छ इंजिन ऑइल टर्बोच्या वरच्या भोकात घाला आणि इंपेलर बोटाने हळू फिरवा. पुन्हा घाला, पुन्हा फिरवा. खालच्या रिटर्नमधून तेल येईपर्यंत. फिरवताना हाताला फरक कळतो. कोरडा शाफ्ट खुळखुळतो, तेल मिळालं की जड आणि मऊ फिरतो. टर्बो गाडीला लावायच्या आधीच हे केलं तर सगळ्यात सोपं. माझ्या मते या सगळ्या कामात वगळायचीच नाही अशी कुठली पायरी असेल तर ही.

मग इंजिनाकडचा बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला घ्या. एम-१० च्या पोकळ बोल्टला तो साधारण १५ ते २० न्यूटन मीटरच्या घरात असतो, म्हणजे हाताला वाटतो त्यापेक्षा बराच कमी. बोल्ट आतून पोकळ आहे, लांब पान्याने ‘आणखी थोडा’ म्हणताच तो आडव्या भोकापाशी तुटतो आणि अर्धा आत राहतो.

टर्बोकडचं टोक स्वच्छ बाटलीत सोडा. बॅटरी परत जोडा आणि इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करून सेल्फ मारा. इंधनाच्या पंपाचा किंवा इंजेक्शनचा पुरवठा कुठल्या फ्यूजने किंवा कनेक्टरने तोडायचा हे गाडीगणिक वेगळं आहे, वायरिंगच्या नकाशात बघा. दहा सेकंद सेल्फ, मग जरा विसावा, नाहीतर सेल्फची मोटर जळेल. पाईपमधून आधी फसफसत, मग अखंड धार येईल. पहिलं थोडं तेल बाटलीतच जाऊ द्या, पाईपच्या आत कारखान्यातला एखादा कण राहिला असेल तर तोही निघून जातो. मग टर्बोकडचा बोल्ट नवे वायसर घालून लावा आणि टॉर्कने आवळा.

आता रिटर्न. फीडकडे सगळ्यांचं लक्ष असतं, याच्याकडे कोणाचंच नाही. ‘टर्बोचं सील गेलं’ म्हणून आलेल्या पुष्कळ गाड्यांत दोष रिटर्नचा निघतो. टर्बोच्या आत रबरी ऑइल सील नसतंच, पिस्टन रिंगसारखी लोखंडी रिंग असते. ती वायू अडवते, दाबून आलेलं तेल ती अडवू शकत नाही. तेल खाली उतरायला वाट नसेल तर ते रिंगच्या बाजूने बाहेर येणार. एकीकडे इंटरकूलरमध्ये, दुसरीकडे सायलेन्सरमध्ये, म्हणून निळा धूर. तेव्हा रिटर्न पाईप आतून बघा, रबरी तुकडा कडक झाला असेल किंवा आतून सोलला असेल तर बदला, गॅस्केट नवी घ्या आणि तिथेही लिक्विड गॅस्केट थापू नका. दाबल्यावर ती आतल्या बाजूला ओघळते आणि तिचा लोंबणारा तुकडा भोक बुजवतो. इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी नळी, चोंदला असेल तरी हाच प्रकार होतो, कारण चेंबरमध्ये दाब साठतो आणि तेलाला खाली जाऊ देत नाही. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरलं तरी तेच. ‘अर्धा लिटर जास्त घातलं, सेफ’ असं काही नसतं.

सगळं जोडून झालं की इंधन तोडलेलं तसंच ठेवून लाल दिवा विझेपर्यंत पुन्हा सेल्फ. मग इंधन जोडून इंजिन सुरू करा आणि पाच मिनिटं फक्त आयडल. रेस देऊन ‘टर्बो ऐकून’ बघायची हौस इथे आवरा. टॉर्च घेऊन दोन्ही बॅन्जोंभोवती बघा, ओलावा दिसतोय का. हातमोजे घातलेला हातसुद्धा मॅनिफोल्डपासून लांब ठेवा.

तेल खरोखर पुरेसं येतंय का हे मोजायची एक सोपी रीत त्या एचडीआयवाल्यांकडून आली आहे. रिटर्न पाईप चेंबरकडून सोडवून डब्यात धरायचा, इंजिन आयडलवर चालवायचं आणि मिनिटाला किती तेल पडतं ते बघायचं. त्यांच्याकडे तीनशे मिलिलिटरपेक्षा कमी पडलं तर पुरवठ्यात दोष मानतात. तुमच्या इंजिनाला हाच आकडा लागू होईल असं नाही, पण नुसते थेंब पडत असतील तर गाडी रस्त्यावर काढू नका. हे करताना डिपस्टिकवर लक्ष हवं, आणि एक माणूस आत किल्लीवर बसलेला हवा.

हायड्रॉलिकवाल्याच्या पाईपचं. जेसीबीला लावतात तो रबरी आतल्या नळीचा, लोखंडी जाळीचा पाईप दाबाला शेकडो बार झेलतो, पण उष्णतेला बहुतेकांची मर्यादा शंभर अंशांच्या आसपास. टर्बोशेजारी तो आतून चुरतो आणि त्याचे रबराचे कण टर्बोतच जातात. आतून टेफ्लॉनची नळी आणि बाहेरून स्टीलची जाळी असलेला पाईप चालतो, टेफ्लॉन अडीचशे अंशांपर्यंत टिकतं. तरी त्यावर उष्णतारोधक स्लीव्ह हवी, आणि पाईप कापताना आणि टोकं दाबून बसवताना (क्रिंप करताना) आत पडलेली धातूची कणी दोन-दोनदा धुऊन काढलेली हवी. दुकानदार विचारेल, ‘जरा जाड देऊ का, जास्त तेल जाईल’. नको. रिटर्नला झेपणार नाही एवढं तेल आलं की पुन्हा धूर. गाडी मॉडिफाय करून बॉल बेअरिंगचा टर्बो बसवणाऱ्यांना तर उलट तेल कमी करावं लागतं. गॅरेट कंपनी त्यांच्या अशा टर्बोंना कमाल रेव्हला तेलाचा ४० ते ४५ पीएसआय दाब पुरे सांगते, आणि त्यासाठी फीडमध्ये जेमतेम एक मिलिमीटरच्या भोकाचा रिस्ट्रिक्टर बसवतात. तुमच्या बुशवाल्या टर्बोला तो लावायचा नाही. तुमच्या गाडीचा कंपनीचा घडवलेला पाईप बाजारात मिळतो, तोच घ्या. जाळीचा पाईप ज्यांना मूळचा मिळतच नाही त्यांनी घ्यावा.

घरी जमेल का? तुम्ही आधी स्वतः चेंबर उतरवलं असेल, टॉर्क रेंच आणि स्टॅंड असतील, तर जमेल. एक रविवार मोकळा ठेवा आणि संध्याकाळी गाडी लागणार नाही याची सोय करा. यातलं काही नसेल तर गॅरेजमध्येच करा, पण उभं राहून करून घ्या. मेस्त्रींना ‘मला शिकवू नका’ असं वाटू नये म्हणून आधीच एवढं बोला: नवा पाईप, नवे बोल्ट-वायसर, रिटर्नची नवी गॅस्केट मी आणून देतो, टर्बोला तेल पाजताना मला हाक मारा. चांगला कारागीर यावर चिडत नाही. चिडला, तर दुसरं गॅरेज बघा.

पाईप, तेल आणि फिल्टर यांच्या बिलांवर गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या, कापलेला जुना पाईप पिशवीत ठेवा. तिसऱ्या टर्बोची वॉरंटी मागायची वेळ आलीच, तर विकणारा सगळ्यात आधी ‘फीड पाईप नवा घातला होता का’ हेच विचारेल. आणि हजार किलोमीटरवर दुसऱ्यांदा तेल बदलताना जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघा. चमकणारी कणी दिसली तर गाडी तिथेच थांबवा आणि मला त्याचा फोटो पाठवा.